वाचकांचे प्रश्न : बीआरएम, ट्रायथलॉन आणि एका वर्षाचा हिशेब

पावसाळा ओसरून रंकाळ्याच्या काठावर पहाटेची वर्दळ पुन्हा सुरू झाली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. गेल्या महिनाभरातील बहुतेक पत्रे लांब पल्ल्याच्या सायकलिंगबद्दल, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पार करण्याच्या ‘बीआरएम’बद्दल, आणि पोहणे, सायकल व धावणे सलग करण्याच्या ट्रायथलॉनबद्दल होती. त्यांपैकी पाच पत्रे संक्षेपाने घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : मी ४३ वर्षांचा शिक्षक आहे. गेल्या वर्षी २०० आणि ३०० किलोमीटरची बीआरएम वेळेत पूर्ण केली, एक छोटी ट्रायथलॉनही केली. येत्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० अशी चारही अंतरे पार करून ‘सुपर रँडोनिअर’ व्हावे आणि शिवाय गोव्याची हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन करावी, असे मनात आहे. घरचे म्हणतात, एक काहीतरी धरा. आपले मत काय? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : घरच्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दोन्ही गोष्टी एका वर्षात होतात, मात्र एका महिन्यात होत नाहीत.

बीआरएमचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो. सुपर रँडोनिअर होण्यासाठी चारही अंतरे याच बारा महिन्यांत पूर्ण करावी लागतात. ती चढत्या क्रमानेच केली पाहिजेत, असे मात्र बंधन नाही. गोव्याची हाफ आयर्नमॅन २०१९ साली सुरू झाली आणि करोनाची दोन वर्षे सोडली तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत आली आहे. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे थंडीचे चार महिने सायकलीला द्यावेत आणि मार्चपासून पुढचा काळ ट्रायथलॉनला ठेवावा. पंचांग अनुकूल आहे. अडचण शरीराची आणि वेळेची आहे.

बीआरएमला २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. चालत्या सायकलीचा वेग ताशी २० किलोमीटर राखला, तर सहाशेला ३० तास लागतात आणि झोप, जेवण, पंक्चर व चहा यांसाठी १० तास उरतात. तिथे क्रमांक नसतो. आठ तासांत दोनशे पूर्ण करणारा आणि तेरा तास वीस मिनिटांनी शेवटच्या नियंत्रण केंद्रावर, म्हणजे नोंदीच्या ठिकाणी, आपले नोंदीचे कार्ड पुढे करणारा, या दोघांचा मान सारखाच. हाफ आयर्नमॅनमध्ये १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे हे सारे साडेआठ तासांत आटोपावे लागते. पहिल्या प्रकारात शरीराला मंद आचेवर तासन्‌तास चालत राहण्याची सवय लागते, तर दुसऱ्यात मध्यम आच बराच वेळ टिकवावी लागते. चार महिने केवळ पहिली सवय लावून घेतलेला सायकलस्वार ९० किलोमीटर जोर लावून चालवायला गेला, की त्याचे पाय साठाव्या किलोमीटरलाच कुरकुरू लागतात. शिवाय बीआरएममध्ये पुढच्याच्या चाकाआड राहून वारा चुकवण्याची सवय जडते. गोव्यात पुढील सायकलपासून १२ मीटर अंतर राखावे लागते आणि ते न राखणाऱ्याला दंड म्हणून थांबवले जाते.

आता माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत चारशेच्या बीआरएमला निघालो. त्याच्या आदल्या रविवारी एका हाफ मॅरेथॉनमध्ये जीव तोडून धावलो होतो, कारण दोन्ही तारखा जवळ आल्या होत्या आणि एकही सोडवत नव्हती. ३१० किलोमीटर झाले तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते आणि वेळही हाताशी होता. ‘दहाच मिनिटे’ म्हणून ढाब्यावरच्या बाजेवर आडवा झालो. जाग आली तेव्हा ढाब्याचा मुलगा अंगणात सडा मारत होता आणि त्याने ओढलेली पाण्याची रेघ माझ्या चाकापर्यंत आली होती. पुढे जाण्यात अर्थ नव्हता. दोष झोपेचा होता, असे मी बरेच दिवस सांगत फिरलो. खरा दोष आदल्या रविवारचा होता.

म्हणून वेळेचा हिशेब अंतरावरून करू नये, त्याभोवतीच्या दिवसांवरून करावा. चारशेची बीआरएम कागदावर २७ तासांची असली, तरी आदल्या रात्रीची लवकरची झोप, नंतरचा झोपेत गेलेला दिवस आणि सोमवारी फळ्यासमोर उभे राहताना भरून आलेल्या मांड्या, असे धरले तर ती चार दिवस खाते. सहाशे आठवडा खाते. नोव्हेंबरात २००, डिसेंबरात ३००, जानेवारीत ४०० आणि फेब्रुवारीत ६०० असा क्रम ठेवावा; मध्ये आठवड्याला दोन वेळा पोहणे चालू ठेवावे आणि धावणे अगदी थोडे असावे. फेब्रुवारीतील सहाशे हुकली, तरी ऑक्टोबर संपेपर्यंत पुन्हा संधी मिळू शकते, याची आठवण ठेवावी. मात्र ती संधी गोव्याच्या तोंडावर साधू नये.

सहाशेनंतर तीन आठवडे सायकलीकडे फिरकू नये. मार्च ते मे पोहण्यावर भर असावा. सुट्टीत तलाव मुलांनी भरलेले असतात, तेव्हा पहाटेची पहिली पाळी पकडावी. जूननंतर आपल्याकडे रस्त्यांचा भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, आणि गगनबावड्याकडे जुलैत सायकल घेऊन जाणे म्हणजे पोहण्याचाच सराव. त्या काळात घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवता येईल अशा स्टँडवर, आठवड्यातून दोनदा तासभर जोर लावून चालवावी. सवय जुनी असलेल्या माणसाला पोहण्याला दीड, धावण्याला अडीच आणि सायकलीला साडेचार असे आठवड्याचे साडेआठ तास पुरतात.

पाऊस ओसरला की सायकलीनंतर लगेच धावण्याचा सराव सुरू करावा. वाघबीळमार्गे पन्हाळा गाठून परत यावे. जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर होतात. धावण्याचे बूट दाराशी, नाडी सैल करून ठेवावेत, सायकल भिंतीला टेकवावी आणि पाणीसुद्धा न पिता चार किलोमीटर धावावे. तालमीत बैठका मारून उठलेला पोरगा जिना उतरताना जसा कठड्याला धरतो, तसे पहिल्या किलोमीटरला होते. दुसऱ्या किलोमीटरला पाय हळूहळू आपले वाटू लागतात. असे आठ-दहा वेळा झाले, की स्पर्धेच्या दिवशी त्या पहिल्या किलोमीटरची धास्ती वाटत नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून दोनशेची बीआरएम पूर्ण केली आहे. तीनशेमध्ये रात्रीचा प्रवास आला. महामार्गावर रात्री सायकल चालवण्याची मला भीती वाटते आणि घरच्यांना त्याहून अधिक. काय करावे? — एक वाचक, कागल

उत्तर : ही भीती अनाठायी नाही. बीआरएमचा चांगला काळ आणि उसाचा गळीत हंगाम आपल्याकडे एकाच वेळी येतात, हे बाहेरगावच्या मार्गदर्शकांना सुचत नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, परावर्तक असला तरी उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, असे दृश्य रोजचे आहे. अंधारात तो दिसण्याआधी इंजिनाचा आवाज ऐकू येतो. म्हणून कानात काहीही घालू नये. ट्रॉलीच्या मागे रस्त्यावर पडलेल्या कांड्या चाकाखाली आल्या तर सायकल आडवी होते. कांडे दिसले तर हँडल वळवू नये आणि ब्रेकही करकचून दाबू नये. सायकल सरळ ठेवून वेग उतरू द्यावा.

पुढचा आणि मागचा दिवा व परावर्तक जाकीट हे रात्री नियमानेच सक्तीचे आहे. त्यात माझी भर एवढीच, की मागे दोन दिवे असावेत, एक सीटखाली आणि एक हेल्मेटवर, आणि दोन्ही लुकलुकणारे नसून स्थिर असावेत, कारण लुकलुकत्या दिव्यावरून मागून येणाऱ्या चालकाला अंतराचा अंदाज नीट येत नाही. तवंदी घाटाच्या उतारावर रात्री ट्रकांची रांग असते; तिथे घाई करू नये.

पहिली तीनशे एकटीने करू नये. आपल्याच वेगाचे दोन सोबती आधी ठरवावेत आणि ‘रात्री कोणी कोणाला सोडायचे नाही’ हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. घरच्यांची गाडी पाठीमागे चालवण्यास बीआरएममध्ये परवानगी नसते, मदत केवळ नियंत्रण केंद्रावर घेता येते. परंतु पतीने किंवा भावाने केंद्रावर डबा घेऊन उभे राहण्यास काहीच आडकाठी नाही. त्याआधी एकदा संध्याकाळी सहाला निघून रात्री दहापर्यंत ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहावे. अंधारात आपला दिवा किती दूर पोचतो, हे तेव्हाच कळते.

प्रश्न : मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. तलावात न थांबता एक किलोमीटर पोहतो. समुद्रात मात्र पहिल्या पन्नास मीटरमध्येच धाप लागली आणि परत फिरलो. — एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. त्याची खोड एकच, की मान सतत पाण्याबाहेर ठेवण्याची सवय लागते. मान वर राहिली की कंबर खाली जाते, पाय जड होतात आणि तीच ताकद पुढे जाण्याऐवजी तरंगण्यात खर्च होते. बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेले वीरधवल खाडे याच कोल्हापूरचे. चांगले प्रशिक्षक शोधायला आपल्याला दूर जावे लागू नये. महिनाभर केवळ श्वासावर काम करावे. तोंड पाण्यात असताना सबंध श्वास बुडबुड्यांनी बाहेर सोडावा. धाप लागते ती बहुतेक वेळा श्वास आत कोंडून धरल्याने.

समुद्रात दोन गोष्टी नव्या असतात : टेकायला भिंत नाही आणि तळाला रेघ नाही. दर आठ-दहा हातांनंतर डोळे फक्त पाण्याच्या वर येतील एवढीच मान उचलून समोरची खूण पाहावी, हे तलावातही शिकता येते. स्पर्धेत घोळक्याच्या कडेला उभे राहावे आणि पहिले २०० मीटर मुद्दाम संथ जावे. नियमाप्रमाणे कोणत्याही पद्धतीने पोहता येते आणि बोया किंवा मदतीची होडी धरून दम घेता येतो. तिच्या आधाराने पुढे मात्र सरकता येत नाही. गोव्यात १.९ किलोमीटरला ७० मिनिटे मिळतात, म्हणजे दर १०० मीटरला साडेतीन मिनिटांहून थोडे अधिक. आपला वेग त्याहून कमी नसावा. वेटसूटवर, म्हणजे पोहताना घालायच्या रबरी पोशाखावर, खर्च करू नये; हौशी स्पर्धकांना तो पाण्याचे तापमान साधारण २४.५ अंशांपर्यंत असेल तरच वापरता येतो आणि गोव्याचे पाणी त्याहून उबदार असते. सरावासाठी समुद्रावर एकट्याने जाऊ नये, स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

प्रश्न : बीआरएमच्या वाटेत मिसळ खाल्ली तर चालते का? आणि ताकदीसाठी खायच्या परदेशी एनर्जी जेलशिवाय भागते का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक कोल्हापूरकर म्हणून देताना जड जाते, पण नको. कटाची तर्री तेल आणि तिखट दोन्ही घेऊन पोटात उतरते आणि पुढचे तीन तास रक्त पायांऐवजी पोटाकडे वळते. तांबडा-पांढराही कार्ड जमा केल्यानंतरच घ्यावा.

जेलशिवाय उत्तम भागते. दीर्घ श्रमात तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. दोन मध्यम केळी आणि सुपारीएवढा गुळाचा खडा यांत ती जवळपास येतात. उकडलेला बटाटा मीठ लावून, राजगिऱ्याचा लाडू, केंद्रावर दहीभात, हे सारे चालते. गोव्याच्या दमट हवेत नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे आहे, कारण घामातून मीठ जाते, पाणी वाढते आणि रक्तातील सोडियम उतरते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. बाटलीत मीठ-साखर-लिंबू असावे. जे खायचे ते सरावात खाऊन पाहावे. पोटालाही सराव लागतो.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांची साधी हायब्रिड सायकल आहे. दोनशेसाठी नवी रोड बाईक घ्यावी का? सध्या ६०-७० किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोनशे हायब्रिडवर होते. पैसे नवे टायर, चांगली पॅड असलेली शॉर्ट्स आणि दिवे यांवर खर्च करावेत; उरले तर ठेवावेत. गुडघा पुढून दुखत असेल, तर बहुतेक वेळा सीट खाली असते. कोणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसावे, पॅडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी; गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. टाच पोचत नसेल तर सीट उतरवावी, गुडघा वाकलेला राहत असेल तर चढवावी, आणि एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा अधिक नाही. जुन्या उंचीवर आधी काळ्या चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर सायकल दुकानात नेण्याऐवजी गुडघा डॉक्टरांना दाखवावा.