सान इसिद्रो आणि वाईट शेजारी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या डोंगराळ खोऱ्यांतील स्पॅनिश दंतकथा जमवण्याचा तुझा आराखडा लक्षपूर्वक वाचला. कथांची वर्गवारी तू नेटकी केली आहेस. पण त्या साऱ्या आराखड्यात पाटाच्या पाण्याचा कोठेही उल्लेख नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्या गावांत या कथा सांगितल्या जातात ती गावे आसेकियांच्या, म्हणजे नदी अडवून डोंगराच्या कडेकडेने आणलेल्या सामाईक पाटांच्या आधाराने वसली आहेत. त्या पाण्याची पाळी कशी ठरते हे आधी समजून घे. कथा त्यानंतर ऐक.

सान इसिद्रोचेच पाहा. माद्रिदचा हा मध्ययुगीन शेतमजूर प्रार्थनेत रमला असता देवदूतांनी त्याचा नांगर धरला, आणि मालकाला तहान लागली तेव्हा इसिद्रोने पराणी मारताच जमिनीतून झरा फुटला, या स्पेनमधील कथा तुला ठाऊकच आहेत. १२ मार्च १६२२ रोजी त्याला संतपद मिळाले. गोव्यात ज्यांचे पार्थिव आहे ते फ्रान्सिस झेवियरही त्याच दिवशी संत घोषित झाले. मात्र न्यू मेक्सिकोत या संताची एक निराळी कथा सांगतात आणि माझ्या मते तीच तुझ्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी असावी. सणाच्या दिवशी इसिद्रो शेत नांगरत असतो. देव त्याला बजावतो की काम थांबवले नाहीस तर गारपीट पाठवीन; इसिद्रो म्हणतो, खुशाल पाठव. देव टोळधाडीची धमकी देतो, तरी तो औत सोडत नाही. अखेर वाईट शेजारी पाठवण्याची धमकी मिळते आणि इसिद्रो तत्काळ काम थांबवतो, कारण तेवढे मात्र त्याच्याने सोसवणार नसते.

तू या कथेची नोंद ‘विनोदी’ या सदरात केली आहेस, ती मला पटत नाही. गारपीट एका हंगामाचे पीक नेते. परंतु वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने पाळी नसताना आपल्या शेतात पाणी घेण्याचे पाटाचे दार उघडले, तर खालच्याचे पीक दर वर्षी डोळ्यांदेखत करपते, आणि त्याच माणसाबरोबर पुढच्या वसंतात पाटातला गाळ काढायला उतरावे लागते. ही सफाई बर्फ वितळून पाणी येण्याआधी होते. प्रत्येक हिस्सेदार, ज्याला तेथे पार्सियान्ते म्हणतात, आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात माणसे देतो किंवा स्वतः फावडे घेऊन येतो. मायोर्दोमो, म्हणजे आपल्याकडील फड या सामाईक सिंचनाच्या पद्धतीतला पाटकरी, प्रत्येकाला पाटाचा तुकडा मापून देतो आणि काम मनासारखे झाल्यावरच त्याला पुढे सरकू देतो. पाणी कमी पडले की पाळ्या आखण्याचे अवघड कामही त्याच्याकडेच असते. ज्या गावाचा संसार असा एकमेकांच्या प्रामाणिकपणावर चालतो, तेथे देवाच्या भात्यातले शेवटचे अस्त्र वाईट शेजारी असावे, यात नवल ते काय!

ला योरोनाच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळग. आपली मुले बुडवून त्यांच्यासाठी रडत पाण्याकाठी भटकणाऱ्या या बाईची कथा मेक्सिकोत आणि त्यापलीकडेही दूरवर पसरलेली आहे. ती पाटांमुळे जन्माला आली असे कृपा करून लिहू नकोस. मात्र तिन्हीसांजेनंतर मुलांनी भरलेल्या पाटाकडे फिरकू नये म्हणून आया-आज्या तीच कथा सांगतात, आणि अशा वेळी ती आपल्या पाटावर, आपल्याच घरामागे रडत असते. म्हणून कथा कोणी, कोणाला आणि कोणत्या पाटाचे नाव घेऊन सांगितली, हे प्रत्येक नोंदीत असलेच पाहिजे. निरनिराळे पाठ मिळाले तर त्यांचा मेळ घालून एक गुळगुळीत कथा तयार करण्याचा मोह आवर.

१५ मे रोजी सान इसिद्रोची मूर्ती शेतांतून मिरवतात, तेव्हा ती जवळून पाहा. रुंद काठाची टोपी घातलेला शेतकरी, त्याच्यापेक्षा लहान आकाराची बैलजोडी आणि नांगराशी उभा असलेला छोटा देवदूत, अशी ती लाकडात कोरलेली असते. परंतु केवळ त्या दिवसापुरता जाऊ नकोस. आधीच्या सफाईला हजर राहा, मायोर्दोमोची परवानगी घेऊन फावडे हातात घे, आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र पहिले काही दिवस खोलीवरच ठेव. सुधारलेला आराखडा मूळ स्पॅनिश उताऱ्यांसह पाठव. मी तो सवडीने नव्हे, लगेच वाचीन.

तुझा हितचिंतक