‘डोप्ड’ तारेला भेसळीची तार म्हणू नये

धुळ्याची एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी विचारते : ‘कोबाल्ट-डोप्ड झिंक ऑक्साईड नॅनोवायर’ (नॅनोवायर म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तार) मराठीत कसं लिहू? ‘भेसळयुक्त अर्धवाहक तार’ चालेल का?

भेसळ नको गं. भेसळ म्हटलं की दुधात पाणी, तिखटात रंग. घालणारा लपवून घालतो आणि मालाचा दर्जा उतरतो. आपल्याकडे कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत अख्खे उडीद नि खडेमीठ घालून दळायला देतात, त्याला कुणी भेसळ म्हणत नाही. डोपिंग, म्हणजे अर्धवाहकाचे गुण बदलायला त्यात दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू घालणं, तसंच जाणूनबुजून केलेलं. (इंग्रजीतला ‘डोप’ डच भाषेतून आला, तिथे मूळ अर्थ बुडवून खायचा दाट रस्सा. म्हणजे तोही स्वयंपाकघरातलाच.)

तरी कळणा पुरता जुळत नाही. पिठात दाण्याची जागा उरत नाही, आणि स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली, म्हणून जागाच महत्त्वाची. झिंकच्या जागेवर कोबाल्टचा अणू जाऊन बसतो. कपाशीच्या ओळीत बी न उगवून नांगी, म्हणजे रिकामी जागा, पडली की तिथे तुरीचं बी लावतात, तसा. म्हणून मला ‘पेरणे’ जवळचं वाटतं.

चुंबकत्वाचा विषय असेल तर हा शब्द आणखी उपयोगी पडतो. सिलिकॉनची वीज वाहण्याची क्षमता बदलायला 1 कोटी अणूंत फॉस्फरसचा 1 अणूही पुरतो. चुंबकत्वाला मात्र 100 जागांमागे चार-पाच कोबाल्ट लागतात. प्रत्येक कोबाल्ट इवलासा चुंबक. सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळली तरच तार चुंबक होते, आणि फार विरळ असले तर एकाचा दुसऱ्याला पत्ता लागत नाही. पण पेरा दाट केला की कोबाल्टचे पुंजके होण्याची भीती. कोबाल्ट धातू मुळातच लोहचुंबकीय, म्हणजे लोखंडासारखा स्वतः चुंबक होणारा, त्यामुळे मोजणीत दिसलेलं चुंबकत्व तारेचं की पुंजक्यांचं, हे आधी तपासावं लागतं. 2000 साली भौतिकशास्त्रज्ञ टोमाश डीटल आणि सहकाऱ्यांनी, मँगेनीज पेरलेलं झिंक ऑक्साईड खोलीच्या तापमानालाही लोहचुंबकीय राहू शकेल, असं गणिताने मांडलं. पुढे अशा पदार्थांवरच्या प्रयोगांत वाद झडला तो बराचसा याच मुद्द्यावर. ‘सारखं पेरलेलं’ आणि ‘पुंजके झालेलं’ हा फरक ‘भेसळ’ शब्दात मावतच नाही.

‘लोहचुंबकीय’ मात्र तसंच ठेव, तारेत लोखंड नसलं तरी. ते वागण्याच्या तऱ्हेचं नाव आहे. शीर्षक असं दे : ‘कोबाल्ट पेरलेल्या झिंक ऑक्साईड नॅनोतारांचे चुंबकीय वर्तन’. ‘पेरित’ असं संस्कृत वळण नको. पहिल्या ठिकाणी ‘म्हणजे डोप्ड’ एवढं जोड. तोंडी परीक्षेत तोच शब्द विचारतील.