बाबांची ओट्यावरची वर्षं लिहू की नको?

मावशी,

माझे बाबा शिंपी होते. बार्शीत त्यांचं दुकान होतं. गेल्या श्रावणात ते गेले. आता वर्षश्राद्ध आलं आहे. दादा हरिपाठाची पुस्तिका छापून आलेल्या लोकांना देणार आहे. तिच्यात मागची दोन पानं बाबांवर असतील आणि ती मी लिहायची आहेत. रोज बसते आणि ‘कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल’ याच्यापुढे जात नाही. खरं सांगायचं तर बाबा मला फारसे कळलेच नाहीत. सकाळी नऊला दुकानात गेले की रात्री दहाला घरी. वर्षातून एकच दिवस दुकान हमखास बंद, संत नामदेवांच्या पुण्यतिथीला. दिवाळीत सगळ्या गावाचे कपडे शिवून व्हायचे आणि आमचे राहायचे. माझा फ्रॉक पाडव्याला, नाहीतर भाऊबीजेला. तोही उरलेल्या तुकड्यांचा, झालर मात्र भरपूर. त्याचा राग मला अजून येतो, आणि गेलेल्या माणसावर रागावते म्हणून स्वतःची लाजही वाटते.

लग्नाआधी ते मुंबईत लालबागला एका दुकानात कारागीर होते. १९८३ साली गावी परतले. त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आई घरीच असायची. रात्री शर्टांची काजं-बटणं तेवढी करायची. पुढे दुकान चालेना. शेवटची आठ-नऊ वर्षं बाबा एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून अल्टरचं काम करत होते. दादा म्हणतो, हे अजिबात लिहायचं नाही, ‘शहरातील नामवंत व्यावसायिक’ असं लिही. घरी त्यांचं पायमशीन आहे, मापाच्या वह्या आहेत आणि लोकांनी कधीच न नेलेल्या शिवलेल्या कपड्यांचं एक गाठोडं आहे. दादाला मशीनच्या स्टँडचं टेबल करून घ्यायचंय. आई काहीच बोलत नाही. मी काय करू?

— बार्शीची लेक, सध्या पुणे

प्रिय लेकी,

आधी दादाचं घेते, कारण तिथे तुझा पेन अडलाय असं मला वाटतं. ओट्यावरची वर्षं लिही. ती वगळलीस तर बाकीचं कितीही चांगलं लिहिलंस तरी ते कुणाचेही वडील होतील.

अल्टरचं काम म्हणजे उतरती कळा असं दादाला वाटतं. त्याने ते काम जवळून पाहिलं नसावं. कोऱ्या कापडावर खडूने आखून कापणं हे शिंप्याच्या हातातलं असतं, तिथे त्याचं राज्य. दुसऱ्याने शिवलेलं उसवून, कापडाला भोक न पाडता, पडेल तसा पडणारा कपडा पुन्हा अंगावर नीट बसवणं याला जास्त कसब लागतं. जीन्स आखूड करायची तर गिऱ्हाइकाला खालची मूळ शिवण, तो धुऊन विटलेला काठ, तसाच हवा असतो. मग मधली पट्टी काढून तोच काठ परत जोडायचा आणि जोड दिसू द्यायचा नाही. कमर सैल करायची तर मागची मधली शिवण पट्ट्यापासून खाली आसनापर्यंत उसवावी लागते, आणि आत बघावं तर कापडच नसतं. कारखान्यात कापड वाचवायला शिवणीत जेमतेम धागा धरेल एवढीच जागा सोडतात. तुझ्या बाबांनी आयुष्यभर मुलांच्या गणवेशाच्या बाहीत आणि मोहरीत दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली असणार, पोरगं वर्षभरात वाढतं म्हणून. त्यांच्यापुढे शेवटी आले ते माया नसलेले कपडे, आणि त्यातून त्यांनी लोकांच्या अंगाला येईल असं काही काढून दिलं. साठी उलटल्यावर, ओट्यावर, उन्हापावसात. यात लपवण्यासारखं काय आहे? ‘नामवंत व्यावसायिक’ हे शब्द वाचून बार्शीतला एकही माणूस त्यांना ओळखणार नाही. ‘त्या ओट्यावर बसायचे ते’ म्हटलं की अर्धी पेठ ओळखेल.

आणि दादाला आणखी एक सांग. पुस्तिका हरिपाठाची आहे, तिथे धंद्याचं कशाला, असं तो म्हणेल. ज्या नामदेवांच्या पुण्यतिथीला, आषाढ वद्य त्रयोदशीला, तुमचं दुकान बंद असायचं, ते शिंप्याच्या घरातले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एका पदात ते मनाला कापड मोजायचा गज म्हणतात आणि जिभेला कात्री. देवाशी बोलतानाही त्यांनी हत्यारं खाली ठेवली नाहीत. तेव्हा दोन पानांत कात्री, टेप आणि अल्टर आलं तर हरिपाठाला काही बाधत नाही.

आता लालबाग. माझं माहेर लालबागचंच, म्हणून १९८३ हे साल वाचल्याबरोबर थांबले. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. लालबागसारख्या गिरणगावातल्या शिंप्याचं सगळं गणित कामगाराच्या पगारावर आणि दिवाळीच्या बोनसवर. पगार थांबला की पहिली कात्री लागते ती नव्या कपड्याला. आमच्या चाळीखालच्या दुकानात त्या वर्षी लोक नवीन शिवायला येईनासे झाले. यायचे ते झिजलेली कॉलर उलटून बसवायला, किंवा वडिलांची पँट कापून मुलाला हाफपँट करून घ्यायला. मालकाला त्यात स्वतःचं निघायचं नाही, नगावर काम करणाऱ्या कारागिराला कुठून देणार?

तुझे बाबा याच कारणाने परतले असं मी ठामपणे म्हणत नाही. पण साल तेच आहे, वस्ती तीच आहे, तेव्हा विचारून बघ. त्यांचा धाकटा भाऊ असेल, मुंबईला बरोबर राहिलेला गावचा कुणी असेल, त्यांना फोन कर. ‘बाबा कसे होते’ असं विचारू नकोस, तू आज लिहितेस तीच विशेषणं तुला परत मिळतील. राहायचे कुठे, जेवायला कुठल्या खाणावळीत, एका शर्टामागे काय मिळायचं, गावी निघाले त्या दिवशी बरोबर काय आणलं, असं विचार. माणूस उत्तर देता देता आपोआप बोलू लागतो.

तुझ्या रागाचं. तो येतो त्यात पाप नाही, आणि आता तो आलाच आहे तर त्याला नीट बघ. दिवाळीच्या आठवड्यात शिंप्याकडे गावच्या गाव लोटतं. त्या कमाईवर पुढचे कोरडे महिने काढायचे असतात. गिऱ्हाइकाला थांबवलं तर ते पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. घरच्यांना थांबवता येतं. म्हणून तू थांबलीस. हे तुझ्यावर अन्यायाचं होतं, नऊ-दहा वर्षांच्या मुलीला पाडव्यापर्यंत जुन्या फ्रॉकमध्ये मैत्रिणींत मिरवायला लागणं सोपं नसतं. ‘त्यातही प्रेमच होतं गं’ असं म्हणून मी तो राग पुसणार नाही.

पण पत्रात तूच एक लिहून गेली आहेस. झालर मात्र भरपूर. शिवण येत असेल तर तुला ठाऊकच आहे, नसेल तर सांगते. झालरीला घेराच्या दीडपट-दुप्पट कापड लागतं. उरलेल्या तुकड्यांतून ती काढायची म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्या आधी जोडून घ्यायच्या. मग धावदोरा घालायचा, दोरा ओढून चुण्या पाडायच्या, त्या बोटाने सारख्या करायच्या, मग घेराला जोडायच्या. घाईत असलेला माणूस झालर लावत नाही. सरळ हेम मारतो आणि मोकळा होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, आठवडाभराच्या जागरणानंतर, तुझ्या बाबांनी दिवा ठेवून झालर लावली, आणि एकदा नाही, दरवर्षी. उशीर खरा आहे आणि झालरही खरी आहे. दोन्ही लिही, एकापाठोपाठ एक. त्यांच्यामध्ये ‘पण’ घालून हिशेब मिटवायच्या फंदात पडू नकोस. ‘मला ते कळले नाहीत’ म्हणतेस ना, वडिलांविषयी एवढं बारीक लक्षात ठेवणाऱ्या मुलीला ते बरेच कळलेले आहेत.

यापुढचं जरा कान धरून सांगते. ‘आई घरीच असायची’ असं तू लिहितेस, आणि पुढच्याच वाक्यात ती रात्री काजं-बटणं करायची म्हणतेस. एका शर्टाला बाह्यांसकट आठ-नऊ काजं. प्रत्येक काज कापून, कडेने टाक्याला टाका भिडवून हाताने विणायचं, मग बटणं, मग खालची हातशिलाई. दिवाळीत किती शर्ट होत असतील, तूच हिशेब कर. ते दुकान दोघांचं होतं. पाटीवर बाबांचं नाव असेल, पण आईच्या हाताखालून गेल्याशिवाय तिथला एकही शर्ट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढला नाही. पुस्तिकेत हे आलंच पाहिजे, तिच्या हयातीत, तिला वाचता येईल असं.

ती बोलत नाही, कारण तिला कुणी नीट विचारलेलं नाही असा माझा अंदाज आहे. ‘मशीनचं काय करायचं’ हा प्रश्न तिच्यापुढे आला तो दादाचं टेबल ठरल्यानंतर. तू एक कर, पुण्याहून जाशील तेव्हा एखादा बटण तुटलेला शर्ट घेऊन तिच्याजवळ बस आणि काज कसं करतात ते दाखव म्हण. हाताला काम असलं की आपल्याकडच्या बायका मोकळ्या बोलतात. शाईपेन घेऊन समोर बसलीस तर ‘काय सांगायचं, होते ते चांगले’ एवढंच ऐकशील.

वह्या आणि गाठोडं हा तुझा खरा ऐवज. मापाच्या वहीत शिंपी छाती-कमर-मोहरीच्या आकड्यांशेजारी बारीक काहीतरी लिहून ठेवतो. डावा खांदा उतरता, पोट पुढे, पाठीत वाक. एस, एम, एल मध्ये हे कुठेच येत नाही. एखादं ओळखीचं घर धर आणि त्या घरातल्या एकाच माणसाचं नाव वह्यांमधून शोधत जा. शाळेच्या चड्डीचं माप, मग लग्नाच्या सफारीचं, मग कमर वाढत गेलेली, आणि शेवटी छाती उतरलेला सैल सदरा. तुझ्या बाबांनी त्या माणसाच्या देहाची एवढी वर्षं नोंद ठेवली होती. हे एक उदाहरण दोन पानांतली निम्मी जागा घेईल, घेऊ दे.

गाठोड्यातल्या कपड्यांना कापडाचा तुकडा टाचलेली पावती असेल तर नाव सापडेल. जमतील तेवढे कपडे वर्षश्राद्धाच्या आधी ज्याचे त्याला नेऊन दे, तू स्वतः जा, दादाला बरोबर घे. शिलाई मागू नका, कुणी दिली तरी घेऊ नका. काही माणसं नसतील, त्यांच्या मुलांना द्या. दारात तो कपडा हातात घेतल्यावर लोक जे बोलतील ते ऐकून घ्या. कुणी म्हणेल, फार उशीर लावायचे तुमचे वडील, म्हणून तर नेलाच नाही. तेही लिही. दादाची लाज कशाने जाणार असेल तर या फेरीने जाईल, तुझ्या वादावादीने जाणार नाही.

मशीनचा निर्णय आईचा. तिने ठेवायचं म्हटलं तर टेबल होणार नाही, हे दादाला तू आधीच सांगून ठेव. ठेवायचं तर नुसतं झाकून ठेवू नका. मशीनचंच तेल घाला, घरात आहे म्हणून खाण्याचं तेल घालू नका, ते आत चिकटून बसतं आणि मशीन जड होतं. चामड्याचा पट्टा वाळून तडकला असेल तर नवा मिळतो, महाग नसतो. अधूनमधून कुणीतरी पाय मारायला हवा. घरात कुणीच शिवणार नसेल आणि आईची तयारी असेल, तर घरी बसून ब्लाउज-परकर शिवणाऱ्या एखाद्या गरजू बाईला तसंच्या तसं द्या, कात्रीसकट. फक्त कात्रीने कागद कापू नकोस म्हणून सांगा, तुझ्या बाबांनी तुम्हा पोरांना त्यावरून एकदा तरी ओरडलेलं असणारच.

लिहायला बसशील तेव्हा जन्मतारीख, मूळ गाव, अपत्ये याने सुरुवात करू नकोस, ते फोटोखाली दोन ओळींत जाईल. दुकान बंद असण्याच्या त्या एका दिवसापासून सुरू कर, नाहीतर सरळ ओट्यापासून. ‘प्रेमळ’ हा शब्द एकदाही न वापरता लिहिता येतं का बघ. मसुदा झाला की दादाच्या आधी आईला वाचून दाखव. ती जिथे ‘असं नव्हतं ते’ म्हणेल तिथे बदल, जिथे गप्प होईल तिथे तसंच ठेव. आणि दोन पानांत बसत नसेल तर छापखान्यात विचार. अशा पुस्तिकेची पानं चाराच्या पटीत पडतात, शेवटी एखादं कोरं पान बहुतेक उरतंच. ते मागून घे.

— मावशी