नाव वाचायच्या आधीच छातीत धस्स होतं, मॅडम

मे 2025 मधली गोष्ट आहे, काश्मीरमधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर दोनेक आठवड्यांतली. नसीम (नाव, कामाचं ठिकाण, थोडे तपशील बदललेत) माझ्याकडे समुपदेशनासाठी आली ती झोप लागत नाही म्हणून. वय चाळीसच्या आसपास, नाशिकमध्ये मेडिकलच्या दुकानात काउंटर सांभाळते, माहेर मालेगावचं, मुलगा आठवीत. पहिली वीस मिनिटं ॲसिडिटी, पाठदुखी, मुलाचा अभ्यास असंच चाललं होतं आणि मग एकदम म्हणाली, कुठे काही झालं ना की लोक किती गेले ते बघतात, मी आधी करणाऱ्याचं नाव शोधते, मनात म्हणत असते या खुदा आपल्यातला नको, आणि नाव वाचायच्या आधीच छातीत धस्स होतं.

हे मी तिच्या एकटीकडून ऐकलेलं नाही. "आम्ही काही केलं नाही तरी आम्हालाच गुन्हेगारासारखं का वाटतं" हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात, विशेषतः आईबाप, कारण पोरं शाळेत काहीतरी ऐकून येतात आणि घरी उत्तर नसतं.

तिनं फोन काढून दाखवला. नोट्समध्ये एक मेसेज होता, बिल्डिंगच्या ग्रुपसाठी लिहिलेला. "पहलगाममध्ये जे झालं त्याचा आम्ही सर्व तीव्र निषेध करतो." मग 'आम्ही सर्व' काढून 'मी' केलेलं, मग परत 'आम्ही', खाली एका ओळीत 'भारतीय मुसलमान म्हणून' आणि तेही खोडलेलं. बावीस एप्रिलच्या रात्रीपासून हे चाललेलं आणि पाठवलं काहीच नव्हतं. पाठवला तर म्हणतील एवढी घाई कसली, नाही पाठवला तर म्हणतील गप्प का.

आता माझी चूक सांगते. मी तिला म्हटलं, तुम्ही कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरजच नाही. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "तुम्हाला नाही द्यावं लागत मॅडम." वीस वर्षं हे काम करतेय पण त्या दिवशी मला पुढचं वाक्य सुचलं नाही.

मग मी विचारलं की ते जाऊ दे, जे झालं त्याचं तुला काय वाटलं? पहिल्यांदाच अरे-तुरे झालं, पण तिला चाललं. ती बघतच राहिली. मग रडायला लागली, डोंबिवलीचे तिघं, पुण्याचे दोघं, पनवेलचे एक, सगळं तोंडपाठ होतं तिला, त्या बायकांचे चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीत म्हणाली. दोन आठवड्यांत ती यासाठी एकदाही रडली नव्हती. वेळच नव्हता, ती उत्तरं तयार करण्यात गुंतली होती.

माझ्या मते कळीची गोष्ट इथेच आहे. ज्याच्या जमातीवर बोट दाखवलं जातं त्याला दुःख करायची मुभा राहत नाही, आधी पुरावा दाखव मग रड. आणि पुरावा कधी पुरत नाही. सव्वीस अकराच्या वेळी मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी त्या नऊ अतिरेक्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला चक्क नकार दिला होता, मृतदेह वर्षभराहून जास्त शवागारात पडून होते. याहून मोठा निषेध काय असतो सांगा? तरी पुढच्या घटनेला प्रश्न तोच की हे लोक बोलत का नाहीत.

नसीमनं एक मेसेज मात्र पाठवला होता. आदिल हुसेन शाह, तो घोडेवाला, जो त्याच हल्ल्यात मारला गेला, त्याचा फोटो आणि खाली "हा पण आमच्यातलाच होता." दोन अंगठे आले, बाकी शांतता. त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. म्हणाली, "मी त्याच्या मरणाचं सर्टिफिकेट करून दाखवलं हो."

बरं, धर्माचा काही संबंधच नाही असंही मी तिला सांगितलं नाही, ते खोटं ठरलं असतं. पहलगामला धर्म विचारून मारलं, मारणाऱ्यांनी धर्म वापरलाच. पण वापरणारे ते, त्यांना पाठवणारे ते, हिशोब त्यांच्याकडून घ्यायचा, मेडिकलच्या काउंटरवरच्या बाईकडून नाही. आपल्यातला चुकला की तो माथेफिरू आणि त्यांच्यातला चुकला की ते सगळेच तसले, मनाची ही खोड टॉमस पेटिग्रू नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1979 मध्येच मांडून ठेवलीय. ती सगळ्यांना आहे. माझ्याकडे एक रिटायर्ड काका यायचे, बीपी आणि राग या दोन तक्रारी, बोलण्यात सारखं 'हे लोक'. मी एकदा विचारलं, 2008 च्या मालेगाव स्फोटात हिंदू आरोपी पकडले गेल्यावर टीव्हीवर 'भगवा दहशतवाद' ऐकायचात तेव्हा कसं वाटायचं? ताडकन म्हणाले, माझा काय संबंध! मग दोघंही थोडा वेळ गप्प.

नसीमच्या आत जुनं काहीतरी होतंच. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बारातचा शुक्रवार, मालेगावच्या बडा कब्रस्तानजवळ स्फोट, तीसहून जास्त माणसं गेली, जवळजवळ सगळी मुस्लिम. आणि पकडले गेले ते नऊ जणही मुस्लिमच. त्यातले बरेच पाच वर्षं आत होते, 2016 मध्ये कोर्टानं आरोपातून मुक्त केलं, एक जण तोवर वारलाही होता. तिच्या गल्लीत तेव्हा सगळे हलक्या आवाजात बोलायचे आणि ती सवय तिची अजून गेलेली नाही. माझ्या बंद खोलीतसुद्धा ती 'पोलीस' हा शब्द कुजबुजल्यासारखा उच्चारते.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. ग्रुपवर काही लिहायचं नाही, म्यूट करायचा. बोलावंसं वाटलं तर एका माणसाशी, समोरासमोर, आणि निषेध नाही, दुःख सांगायचं. ती खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. काकूंनी चहा केला, त्याही रडल्या, आणि निघताना म्हणाल्या, "तू नाहीस गं त्यांच्यासारखी." पुढच्या सेशनला हे सांगताना नसीम खो खो हसत होती, म्हणाली काकूंना काय बोलू, मनापासून म्हणाल्या त्या. मला ते हसू औषधापेक्षा बरं वाटलं.

जुलैच्या शेवटी परत आली. त्या दहा दिवसांत दोन निकाल लागले होते. 21 तारखेला 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांतले बारा जण, सगळे मुस्लिम, हायकोर्टात निर्दोष ठरले (तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टानं तो निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही) आणि 31 ला 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही जण. तिनं ग्रुप उघडून पाहिला होता. एका निकालाला 'कोर्ट झोपलंय का' आणि दुसऱ्याला पेढ्यांचे इमोजी, माणसं तीच. "आणि माझ्या भावानं बरोब्बर उलटं केलं मॅडम," ती म्हणाली, "मालेगावच्या भिक्कू चौकात सहा जण गेले, लोकलमध्ये एकशे ऐंशीच्या वर, त्यांच्याबद्दल दोन्हीकडे कुणी एक अक्षर लिहिलं नाही."

नोट्समधला तो मेसेज तिनं डिलीट केलाय. झोप बरी आहे, अगदी छान नाही. मुलाचं मात्र अजून चालू आहे. ग्राउंडवर नवीन पोरांना तो आपलं नाव समीर सांगत नाही, सॅम सांगतो. ती विचारत होती ओरडू का त्याला. मी म्हटलं ओरडू नकोस, फक्त विचार, सॅम कधी सांगतो आणि समीर कधी. ते ती विचारून येणार आहे.