मेक्सिकोतली रूप बदलून बाळांचं रक्त पिणारी चेटकीण म्हणजे 'नावाल'च का?

नाही. नावाल हा बहुतेक वेळा पुरुष असतो. तंत्रमंत्र शिकतो, गाढव किंवा कुत्रा होऊन चोऱ्यामाऱ्या करतो, लोकांना घाबरवतो. तुम्ही विचारताय ती त्लावेल्पुची, आणि ती मुख्यतः त्लास्काला या मेक्सिकोच्या चिमुकल्या राज्यातली, नावात्ल ही तिथली मूळची भाषा बोलणाऱ्या खेड्यांतली. (उत्तरेकडची बाईच्या तोंडाची घुबड, लेचुसा, ती आणखी निराळी.)

त्लावेल्पुची विद्या शिकत नाही, जन्मतःच तशी असते. मुलगी वयात आली की रक्ताची तहान लागते, आणि त्यावर उतारा नाही. रात्री ती चुलीपाशी स्वतःचे पाय काढून क्रॉससारखे ठेवते आणि टर्की पक्षी होऊन उडते. दार बंद असेल तर किडा होऊन आत शिरते. घरातल्यांवर धुकं सोडते, की सगळे गाढ झोपलेच. सकाळी बाळ मेलेलं, अंगावर काळेनिळे डाग. म्हणून पाळण्याजवळ लसूण, कांदा, आरसा किंवा उघडी कात्री ठेवतात.

ह्यूगो नुतिनी आणि जॉन रॉबर्ट्स या मानवशास्त्रज्ञांनी यावर 1993 साली अख्खं पुस्तक लिहिलं. अशी अनेक बाळं शेजारी झोपलेल्या दमलेल्या आईच्या अंगाखाली नकळत गुदमरली असावीत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, कारण दंतकथेतला एकेक तपशील आईला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुला जाग कशी आली नाही? धुकं होतं. दार तर बंद होतं? किडा होऊन आली. हे डाग कसले? चोखल्याचे. आईवरचा ठपका पुसणारी याहून चोख सोय कुणाला सुचली असती!

पण तो ठपका जायचा कुठे, तर गावातल्याच दुसऱ्या एखाद्या बाईवर. संशयावरून बायकांना जिवे मारल्याच्या हकिकती आहेत. त्लावेल्पुचीच्या घरचे मात्र गप्प बसतात, असं कथा सांगते. एक तर लाज. दुसरं म्हणजे, रक्ताच्या नातेवाइकाने तिला मारलं तर शाप त्याच्याकडे येतो. म्हणजे घरात त्लावेल्पुची आहे हे ठाऊक असलं, तरी तिला सांभाळायचं आणि शेजाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.