संपाच्या नोटिशीवर सही करण्याआधी

बाळा,
अनेक आशीर्वाद.

देशव्यापी संपात उतरू का, हे तू फोनवर विचारलंस. तेव्हाच बोललो असतो तर ‘उतर’ म्हणून मोकळा झालो असतो. म्हणून लिहितोय.

1977 च्या डिसेंबरात मी तहसीलमध्ये नवा कारकून होतो. केंद्राइतका महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्यभर संप झाला, 54 दिवस चालला. किराणावाल्याने उधारी तोडली नाही, म्हणून आमची चूल पेटली. त्या संपाचा मला आजही अभिमान आहे. मला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. तू 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेला, तुला ती जुनी पेन्शन नाही. ती मिळावी ही तुझी मागणी रास्तच आहे.

पण गेटसभेत कुणी सांगत नाही ते ऐक. 1979 च्या वर्तणूक नियमांत संपाला मनाई आहे, आणि सरकारी नोकराला संपाचा हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली सांगितलंय. पगार कापला जाईल. परिवीक्षा (प्रोबेशन) संपली नसेल तर आणखी जपून. हजेरीपटावर सही करून मोर्चात मात्र जाऊ नकोस. संप करायचा तर उघड, पगार सोडून.

आता खरं बोलायचं ते. मार्च 2023 चा जुन्या पेन्शनचा संप 14 ला सुरू झाला, 20 ला मिटला. नेमक्या त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी आली, गारा पडल्या. ओढ्यापलीकडचे म्हातारबा माझ्याकडे आले. गहू आडवा झालेला. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, तिघंही संपावर. म्हणाले, “काढावं तर पुरावा जातोय, ठेवावं तर दाणा काळा पडतोय. तुमच्या पोरांना म्हणा, नुसतं बघून तरी जा.” मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त झाल्याची नोंद लागते आणि ती नोंद करणारा हात आपलाच. मी संपाच्या बाजूचा माणूस. त्यांच्यापुढे मला शब्द सुचला नाही. मोबाइलवर फोटो काढून दिले, तेवढंच.

म्हणून तालुक्याच्या बैठकीत उभा राहा आणि मागणी कर: गारपीट, अतिवृष्टी झाली तर पंचनामे संपातून वगळा. नवा पोरगा म्हणून गप्प बसवतील, तरी बोल. ऐकलं नाही तर एकटा फुटून कामावर जाऊ नकोस. पुढच्या बैठकीत पुन्हा बोल. आणि संपाआधी चावडीवर जाऊन गावाला तूच सांग, कशासाठी बसतोय, किती दिवस. पेन्शन म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कुणी नीट सांगितलेलंच नाही. त्याला म्हातारपणी काहीच नसतं, हे ध्यानात ठेवून सांग.

म्हातारबांचं शेत तुझ्याच सजात, म्हणजे तलाठी म्हणून तुझ्याकडे असलेल्या गावांत आहे. शनिवारी आलास की आधी तिकडे जाऊ. मी सोबत येतो, बोलायचं मात्र तू.

तुझा,
काका