वाचक विचारतात : आल्प्सच्या पायथ्याचे चर्च

प्रश्न : जूनमध्ये आम्ही मुलीकडे म्युनिकला जाणार आहोत. व्हीस या डोंगरपायथ्याच्या वाडीतील जुने नक्षीदार चर्च पाहावे, असा तिचा आग्रह आहे. मुद्दाम जावे असे तिथे काय आहे, आणि आम्ही ख्रिस्ती नसताना आत जाणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अवश्य जा. अन्यधर्मीयांनाही प्रवेश आहे. मात्र प्रार्थना चालू असताना आत हिंडू नये, आणि सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यासमोर पाळतो तीच शांतता तिथेही पाळावी.

१७३८ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरातील येशूच्या मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू दिसल्याची वार्ता पसरली आणि भाविकांची रीघ लागली, म्हणून डोमिनिकस झिमरमान यांनी १७४५ ते १७५४ या काळात हे चर्च उभारले. १९८३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. बाहेरून साधी दिसणारी ही वास्तू आत शिरताच पांढऱ्या-सोनेरी प्रकाशाने भरून जाते. छत लाकडी आहे. त्यावरील चित्र त्यांचे बंधू योहान बाप्टिस्ट यांनी रंगवले असून गिलाव्याची नक्षी कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो, हे निरखूनही सहज उमगत नाही. इंद्रधनुष्यावर बसलेला येशू, एका टोकाला न्यायनिवाड्यासाठी मांडलेले रिकामे सिंहासन आणि समोरच्या टोकाला रंगवलेले बंद दार, एवढे तरी बाकावर बसून सावकाश पाहावेच.

म्युनिकहून फ्युसेनपर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. पुढे बस मिळते. जवळचा नॉयश्वानस्टाइन किल्ला त्याच दिवशी उरकण्याचा मोह माझ्या मते टाळावा.